वसईच्या जमिनीच्या वह्या आणि कुलूपबंद कपाटं

मुंबई बेट एके काळी वर्षाला साडेचौदाशे पार्दावांनाही (पार्दाव हे तेव्हाचं नाणं) गेलं नव्हतं. नेमका आकडा १४३२ पूर्णांक १/२. सिमाँव बोतेल्यु या पोर्तुगीज महसूल-अधिकाऱ्यानं १५५४ साली जी बाडं तयार केली, त्यात ही नोंद आहे. बेट मेस्त्रे दियोगु नावाच्या कुणाकडे खंडानं होतं. माझगाव वेगळ्याकडे, परळ-वडाळा आणखी वेगळ्याकडे. पुढे बेट गार्सिया द ऑर्ता या वैद्याकडे आलं. औषधी वनस्पतींवरच्या ग्रंथामुळे त्याचं नाव आज जगभर माहीत आहे, आणि त्याच ग्रंथात तो आपल्या बेटावरच्या वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्याबद्दल कौतुकानं बोलतो. तो १५६८ मध्ये वारला. मूळच्या ज्यू घराण्यातला, म्हणून १५८० साली इन्क्विझिशन या ख्रिस्ती धर्मन्यायालयानं त्याची हाडं उकरून जाळली. मुंबईचा हा खंडकरी मेल्यावरसुद्धा सुटला नाही.

हे सगळं आपल्याला माहीत आहे कारण बोतेल्युचं बाड १८६८ साली लिस्बनमध्ये छापलं गेलं. छापलं गेलं म्हणून गॅझेटियरवाल्यांनी वापरलं, त्यांनी वापरलं म्हणून मराठीत आलं, आणि आता मुंबईच्या इतिहासावर लिहिणारा कुणीही हा आकडा सहज फेकतो. जे छापलं गेलं नाही त्याचं काय झालं, हा माझा प्रश्न आहे. ते पणजीत, लिस्बनमध्ये आणि वसई-आगाशी-केळवे पट्ट्यातल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या घरातल्या गोदरेजच्या कपाटात पडून आहे. माझं म्हणणं असं की ती कपाटं उघडली पाहिजेत, नकला झाल्या पाहिजेत, त्या मराठीत वाचता आल्या पाहिजेत, आणि हे काम त्या शिक्षकाच्या हयातीत झालं पाहिजे. याला विरोध तीन दिशांनी होतो. तिन्ही विरोधांत काही ना काही तथ्य आहे, म्हणूनच हा लेख.

आधी ही कागदं काय आहेत ते सांगतो. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं तहानं वसई पोर्तुगिजांना दिली, आणि पुढच्या काही दशकांत उत्तर कोकणातली गावंच्या गावं पोर्तुगीज सरदारांना आणि इथं लग्न करून स्थायिक झालेल्या कुटुंबवत्सल पोर्तुगिजांना, म्हणजे काझादांना, वाटली गेली. गाव कायमचं मिळत नसे. बहुधा तीन आयुष्यांपुरतं मिळे: घेणारा, त्याच्यानंतरचा एक आणि त्याच्यानंतरचा एक. मग पुन्हा अर्ज. सरकारला ठरलेला फोर, म्हणजे वार्षिक सारा, द्यायचा, आणि लढाईच्या वेळेला घोडा आणि हत्यारबंद माणसं घेऊन हजर राहायचं. कित्येक गावं पोर्तुगालहून पाठवलेल्या अनाथ मुलींना हुंडा म्हणून दिली गेली. जो लग्न करील त्याला गाव. म्हणजे आपली पणजी-खापरपणजी ज्या वाडीत भात लावत होती, ती वाडी लिस्बनमधल्या कुणा पोरक्या मुलीच्या हुंड्याच्या यादीत असू शकते.

या वाटपाच्या वह्यांना तोंबो म्हणत. गोव्यात त्यासाठी १५९५ साली स्वतंत्र अभिलेखागारच काढलं, पहिला प्रमुख दियोगु दु कोतु हा इतिहासकार. वसई प्रांताच्या वह्या आजही पणजीला आहेत. काही कागद मात्र गोव्यातही राहिले नाहीत. राजाशी दर मोसमात होणाऱ्या पत्रव्यवहाराचे ६२ खंड १७७७ मध्ये उचलून लिस्बनला नेले गेले. इकडे १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि त्याच गावांचा हिशोब मोडीत लिहिला जाऊ लागला. तो पुण्याला पेशवे दफ्तरात आहे. मुंबईशेजारची साष्टी १७७४ अखेरीस इंग्रजांकडे गेली, तिचे कागद मुंबईत. एकाच गावाची तीन भाषांतली, दोन लिप्यांतली कागदं अशी चार शहरांत विखुरलेली. विद्यापीठातला संशोधक यांतल्या एखाद्या थरावर पीएच.डी. करतो. तिन्ही थर एकमेकांवर ठेवून बघण्याचा उपद्व्याप करतो तो गावातलाच कुणीतरी.

अशा एका गृहस्थांचं दफ्तर मी पाहिलं आहे. पेशानं शिक्षक. पणजीच्या पुराभिलेखागारातून उतरवून आणलेल्या वहीच्या पानांवर त्यांनी पेन्सिलीनं समासात गावांची नावं लावली आहेत. पोर्तुगीज कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं, ‘श’ साठी एक्स, अनुनासिकासाठी कधी एम, कधी एन, ळ चा पत्ताच नाही. पणजीत बसून कितीही विद्वान माणूस असला तरी त्या अक्षरांतून अमुक पाखाडी की तमुक आळी हे कळणं अशक्य. हे गृहस्थ सांगतात, कारण त्या तळ्याला अजूनही लोक तेच म्हणतात, आणि पलीकडची वाडी त्यांच्या मामाची. नोंदीत लिहिलंय, ‘उत्तरेला मोठी चिंच, पश्चिमेला खाडीचा बांध’. चिंच गेली, बांध मात्र आहे, आणि तो कुठला हे सांगणारी माणसं आता सत्तरीच्या पुढची आहेत. जुन्या झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ठेवल्यानं शाई पिशवीला चिकटून आली आहे. उलट्या अक्षरांत पिशवीवर वाचावं लागतं. डांबराच्या गोळ्यांचा वास. एका बाजूला मुलाच्या लग्नाचे अल्बम.

आता विरोध. पहिला आक्षेप असा की हे आक्रमकांचे हिशोब आहेत, त्यांचं जतन कशाला करायचं. हा आक्षेप घेणारे नेहमी भोळे नसतात, आणि त्यांना उडवून लावू नये. या वह्या लुटीच्याच वह्या आहेत. गोव्यातलं उदाहरण घ्या. तिसवाडीतली, म्हणजे गोवा बेटावरची, देवळं १५४० च्या सुमारास पाडली गेली. १५४१ मध्ये महसूल-अधिकारी फेर्नाँव रुद्रिगिश द काश्तेलु ब्रांकु यानं गावकरांना बोलावलं, आणि देवळांच्या जमिनींचं उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्याला द्यायला ते राजी झाले, असा कागद करून घेतला. ‘राजी झाले’ हा कागदाचा शब्द. देऊळ पाडलेल्या माणसाला पुढ्यात उभं करून घेतलेली संमती ती.

पण त्याच लुटीसाठी देवळांच्या जमिनींच्या याद्या झाल्या. कुठल्या गावात कुठला देव, त्याच्या दिव्यासाठी कुठलं शेत, देवाच्या सेवेबद्दल कुणाला नमशी म्हणून कुठली जमीन, हे सगळं नाव घालून लिहिलं गेलं, कारण त्याशिवाय वसुली होत नव्हती. फ्रांसिश्कु पाइश या हिशेबनिसानं १५९५ मध्ये तिसवाडी, साष्टी (ही गोव्यातली) आणि बारदेशचा तोंबो केला. तो १९५२ साली पांडुरंग पिसुर्लेकरांनी टिपांसह छापला. पिसुर्लेकर सत्तरीतल्या पिसुर्ल्याचे, पोर्तुगीज आणि मराठी दोन्ही कागद वाचणारे, आणि कित्येक वर्षं गोव्याच्या पुराभिलेखागाराचे प्रमुख. आज गोव्यातल्या मूळ देवस्थानांची जागा सांगायची म्हटली तर या बाडाशिवाय पुढे जाता येत नाही. ज्यांनी देवळं पाडली त्यांच्याच कारकुनांनी देवळांचा पत्ता लिहून ठेवला. तो कागद जाळला असता तर पाडणाऱ्यांचं काम पुरं झालं असतं, इतकंच.

आणि लुटीच्या पलीकडचंही त्यांत आहे. तिसवाडीच्या गावकरांच्या रीतीभातींचा फोराल, म्हणजे सनद, आफोंसु मेशियानं १५२६ साली काढली, ती अर्थात कर नीट यावा म्हणून. पण बेटावरच्या भाताची पहिली कापणी ताळगावच्या गावकरांनी करायची, हा मान तिच्यात नोंदवलेला आहे. ताळगावात ऑगस्टमध्ये कणसाचं फेस्त आजही होतं. सुमारे पाचशे वर्षांचा मान, सरकारी कागदावर, शेतात जिवंत.

हे मान्य केलं तरी एक गोष्ट सोडून चालणार नाही. या वह्यांत जमीन कसणारा माणूस जवळजवळ नाही. खंडकरी आहे, त्याची विधवा आहे, चर्च आहे, जेझुइट आहेत, फोर चुकवणाऱ्यांची नावं आहेत. कुणबी आहे तो ‘इतके कुणबी’ म्हणून, गावाच्या उत्पन्नाचा भाग म्हणून, ताडामाडांच्या ओळीत. कोळी जाळ्यावरच्या करापुरता. वारली तर कुठं डोंगराच्या सीमेवर सावलीसारखा. म्हणून हौशी इतिहासकार जेव्हा अमक्या फिदाल्गुच्या, म्हणजे पोर्तुगीज सरदाराच्या, वंशावळीत रमतो, त्याच्या पदव्या आणि सोयरिकी मोजत बसतो, तेव्हा मला कंटाळा येतो. त्या वंशावळी पोर्तुगालमध्ये पुष्कळ लोक लावतात, लावोत बापडे. आपल्याला वाडीचं नाव, बांधाची दिशा, कुणब्यांची संख्या, मिठागरांचा आकार आणि कुठल्या साली फोर माफ झाला हे हवं आहे. माफी झाली म्हणजे त्या साली दुष्काळ, दंगल किंवा स्वारी यांतलं काहीतरी झालं असणार. इतिहास तिथं आहे.

दुसरा विरोध सरकारी खात्यांचा, आणि तो सगळ्यांत व्यवहारी आहे. जुने जमिनीचे कागद उघडे केले तर जमीन माफिया त्यातून बेवारस जमिनी हुडकतील, असं म्हणतात. गोव्यात हे घडलंच. परदेशी गेलेल्या किंवा वारलेल्या मालकांच्या जमिनी पोर्तुगीजकालीन बनावट खरेदीखतं उभी करून लाटल्याची प्रकरणं बाहेर आली, २०२२ साली सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं, आणि पाठोपाठ निवृत्त न्यायाधीशांचा आयोग. पण यातून काढलेला निष्कर्ष मला उलटा वाटतो. या प्रकारांत पोलिसांनी जी कार्यपद्धती सांगितली ती अशी की बनावट दस्त जुन्या बाडांत घुसवायचा आणि मग अभिलेखागाराकडूनच त्याची प्रमाणित नक्कल मिळवायची. म्हणजे चोराला खुलं अभिलेखागार नकोच असतं. त्याला हवं असतं बंद अभिलेखागार, जिथं मूळ बाडात किती पानं होती हे बाहेरच्या कुणालाही ठाऊक नाही, आणि आत एखादा ओळखीचा माणूस आहे. बाडाची पानन् पान छायाचित्रं तारखेसह आधीच चार ठिकाणी ठेवलेली असती तर २०१९ साली घुसवलेलं १९५० चं पान दुसऱ्या दिवशी उघडं पडलं असतं.

सरसकट सगळं उघडं करा असं मी म्हणत नाही. सोळावं ते अठरावं शतक पूर्ण खुलं असावं, त्यात लपवण्यासारखं कुणाचं काही उरलेलं नाही. विसाव्या शतकातल्या नोटरींच्या वह्यांची छायाचित्रं आत्ताच करून ठेवावीत, पण पाहणाऱ्याची नोंद राहील अशा रीतीनं दाखवावीत, कारण त्यांत हयात माणसांची नावं, वारसांचे तपशील आणि आजही चालू असलेले दावे आहेत. हा फरक करायला मोठी समिती लागत नाही.

या भीतीचीच दुसरी बाजू म्हणजे लोकांची अपेक्षा. जुना कागद दिसला की पहिला प्रश्न येतो, ‘यावरून आपली जमीन परत मिळेल का?’ मिळणार नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. दादरा-नगर हवेलीत पोर्तुगीज सरकारनं विसाव्या शतकात दिलेले जमिनीचे आल्वारा, म्हणजे सनदा, १९७४ साली जिल्हाधिकाऱ्यांनी रद्द केले. वाद चालत चालत सर्वोच्च न्यायालयात २०२५ साली संपला, आणि रद्द करणं कायम राहिलं. विसाव्या शतकातल्या सरकारी सनदेची ही गत, तर सोळाव्या शतकातल्या तीन आयुष्यांच्या खंडाचा आज सातबाऱ्यावर काय परिणाम होणार? कसेल त्याची जमीन या तत्त्वानं कुळकायदे झाले ते बरोबरच झाले. जुन्या खंडकऱ्याचा कागद घेऊन आज कुणी हक्क सांगू लागला तर आपण कुळाच्या बाजूनं उभं राहायचं, आणि तो कागद तरीही जपायचा. या दोन गोष्टींत विरोध आहे असं मला वाटत नाही.

कागदाचं महत्त्व राजकारण पेटल्यावर कसं कळतं हे आपण २०२३ मध्ये पाहिलं. कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि एका रात्रीत मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधले बस्ते ज्यांच्यावर वर्षानुवर्षं धूळ बसली होती ते ट्रकनं बाहेर निघाले. चांगलं झालं. पण मोडी शिकवणारे वर्ग आधी कोण चालवत होतं? चार हौशी माणसं, शनिवार-रविवारी, देणगीवर. पोर्तुगीज कागदांच्या बाबतीत तर ती चार माणसंही नाहीत.

तिसरा विरोध स्वतः स्थानिक इतिहासकाराचा, आणि त्याबद्दल बोलायला मराठीत संकोच केला जातो. ‘मी आयुष्य घातलं, आता कुणीतरी येऊन फोटो काढणार आणि त्याचं पुस्तक होणार.’ हे घडतं, आणि त्याची चीड रास्त आहे. प्राध्यापक येतात, चहा पितात, फाईल घेऊन जातात, प्रबंध येतो, आभाराच्या यादीत सतराव्या ओळीत नाव असतं, ते पण चुकीच्या आडनावानं. मंडळं येतात, सत्कार करतात, शाल देतात. कपाट कसं ठेवायचं, दमट हवेत काय करायचं, याची विचारपूस करायला कुणी येत नाही. त्यामुळे म्हातारपणी माणूस कुलूप घालतो, आणि नंतर घर रिकामं करताना मुलगा रद्दीवाल्याला बोलावतो. मुलाचा दोष काढू नये, फ्लॅट ४५० फुटांचा आहे.

कायदा इथं फारसा कामाला येत नाही. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा २००५ चा, तो सरकारी कागदांसाठी. पंच्याहत्तर वर्षांपेक्षा जुनी हस्तलिखितं पुरावस्तू ठरू शकतात, पण शिक्षकानं स्वतः पणजीत बसून उतरवलेली वही आणि समासातल्या पेन्सिलीच्या खुणा पुरावस्तू नाहीत. आणि खरा ठेवा तर त्या खुणाच आहेत. मूळ बाड पणजीत मिळेल. ‘ही वाडी म्हणजे ती वाडी’ हे कुठल्याही अभिलेखागारात मिळणार नाही. म्हणून जबरदस्तीचा मार्गच नाही. देवघेव करावी लागेल. मूळ संग्रह घरीच राहू द्या, नकला करू द्या, प्रत्येक नकलेवर संग्राहकाचं नाव कायमचं राहील, पहिलं पुस्तक छापायचा हक्क त्याचा, त्यासाठी काही वर्षांची मुदत. ब्रिटिश लायब्ररीचा धोक्यातल्या दफ्तरांचा उपक्रम मूळ कागद जागच्या जागी ठेवूनच छायाचित्रं करतो, हे त्यांना दाखवावं. आणि मृत्यूनंतर संग्रह कुठं जाईल ते हयातीत लिहून घ्यावं. पिसुर्लेकरांचा संग्रह गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांच्या नावानं आहे, म्हणून आजचा विद्यार्थी तो वाचतो. राजवाडे गावोगाव पायी फिरून दफ्तरं गोळा करत होते तेव्हा त्यांच्या पाठीशी पुढे १९१० साली पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. वसईच्या शिक्षकामागे काय उभं आहे?

पैशाचं म्हणाल तर आकडे मोठे नाहीत. पालघर जिल्हा झाल्याला दहा वर्षं उलटून गेली, जिल्हा नियोजन समिती दरवर्षी स्वागत कमानी आणि चौक सुशोभीकरणाला मंजुरी देते. त्यातून एक स्कॅनर, दोन माणसांचा पगार, आणि सतराव्या शतकातलं पोर्तुगीज हस्ताक्षर वाचायला शिकवणारा एक माणूस गोव्याहून आणून वसईत वर्षभर बसवणं सहज शक्य आहे. वसईतल्या ख्रिस्ती समाजात चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी वाचायची सवय असलेले लोक आहेत, सामवेदी आणि कोळी, दोघांतही जुनी नावं लक्षात ठेवणाऱ्या बायका आहेत. पहिल्या वर्षी फक्त एक परगणा घ्यावा. नोंद मूळ अक्षरांत, खाली मराठीत, शेजारी आजच्या वाडीचं नाव आणि ते कुणी सांगितलं त्या माणसाचं नाव त्याच्या परवानगीनं. नकाशा नंतर करता येतो, वाडीचं नाव सांगणारी आजी नंतर मिळत नाही, म्हणून क्रम हाच ठेवावा: आधी ज्यांचं वय ऐंशीच्या पुढं आहे त्यांच्या वाड्या, मग बाकीच्या.